बारपाशी थांब

दिनानाथ तळवडेकर कुणाच्याही घरी गेले की आधी दाराशी पडलेल्या चपला मोजत. यजमान 'या या' म्हणत असायचा आणि यांची नजर पायपुसण्याभोवती फिरत असायची. दोष म्हणावा तर हा दोष सरकारने तीस वर्षं पगार देऊन पोसलेला. ते शिधावाटप खात्यात निरीक्षक होते. रेशनकार्डावर नावं सात, दाराशी चपला चार जोड आणि न्हाणीतल्या मगात ब्रश तीन, असं दिसलं की दिनानाथ पेनाचं टोपण काढत. तोंडाने काय वाट्टेल ते सांगता येतं, पण मगातला ब्रश खोटं बोलत नाही, असं ते खात्यातल्या नव्या माणसांना सांगायचे. आणि खरं सांगायचं तर त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. चुकत असता तर बरं झालं असतं, घर तरी सुखाने नांदलं असतं.

निवृत्त झाल्यावर माणूस सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो, झाडांना पाणी घालतो. यांनी घरच्यांची तपासणी काढली. चार वर्षांपूर्वी मुलगा सिद्धेश पुण्यात नोकरीला होता. रविवारी तो फोन उचलत नाही म्हणून हे गुपचूप पुण्याला गेले आणि तो ऑफिसात असताना त्याच्या घरमालकाला, दूधवाल्याला, समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारून आले: पोरगा किती वाजता येतो, बरोबर कोण असतं, बाटल्या निघतात का. निघालं काहीच नाही. बिचारा रविवारी दुपारपर्यंत झोपायचा, एवढंच. पण घरमालकाने संध्याकाळी सगळं त्याच्या कानावर घातलं, आणि रात्रीच त्याचा फोन आला. "बाबा, मी तुमचा मुलगा आहे, कार्डधारक नाही," एवढंच म्हणाला आणि ठेवला. त्यानंतर चार वर्षं तो वडिलांशी एक शब्द बोलला नाही. आईशी अधूनमधून बोलायचा, तेही हे भाजी आणायला गेले की.

"पोराची अब्रू वेशीवर टांगून आलात," वसुंधराबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "आता ऐका. एक गेला. पोरीच्या मागे असेच लागलात तर तीही जाईल. आणि मग मीसुद्धा कणकवलीला बहिणीकडे जाऊन राहीन. तुम्ही बसा या माणिकपुरात, स्वतःच्या चपला मोजत."

बाई बोलल्या तशा वागणाऱ्या होत्या, हे दिनानाथांना पस्तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. म्हणून मुलगी क्षितिजा दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली तेव्हा त्यांनी गणपतीसमोर हात जोडून सांगितलं की हिची चौकशी करणार नाही. दर रविवारी दुपारी अडीचला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. जेवणं झालेली, खाली रिक्षा स्टँडवरची गडबड जरा निवलेली. तो अर्धा-पाऊण तास हे त्यांच्या आठवड्याचं सगळं धन होतं. तो गेला की मग या घरात त्यांना 'बाबा' म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

क्षितिजा यॉर्क नावाच्या गावात राहायची. जुनं गाव, भोवती दगडी तट, आणि हिचं घर तटाच्या आत, अगदी मधोमध. "बाबा, इथे सगळं चालत," ती सांगायची. "भाजी चार मिनिटं, लायब्ररी सहा, ऑफिस अकरा. आमच्या बोळात हात पसरले ना, की दोन्हीकडच्या भिंतींना लागतात." एकदा तिने फोन न्हाणीघरात नेला, कारण तिथल्या टिचभर खिडकीतून मोठ्या चर्चचे बुरूज दिसतात. वसुंधराबाईंनी बुरूज पाहिले, छान आहेत म्हणाल्या. दिनानाथांनी खिडकीखालचा काचेचा पेला पाहिला. पेल्यात ब्रश दोन. एक निळा, एक हिरवा.

झालं. पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यांनी तोंड मिटून ठेवलं, पण जुनी सरकारी डायरी काढली. ब्रश, दोन. पुढच्या रविवारी ओट्यावर उपडे घातलेले कप, दोन. त्याच्या पुढच्या रविवारी खुर्चीच्या पाठीवर जाडजूड जाकीट, मापाने हिचं नव्हे. दाराशी मात्र बूट कायम एकच जोड, तिचे. हे तर त्यांना जास्तच खटकलं. एवढी स्वच्छ जागा दोनच घरांत दिसते, एकतर खरोखर एकट्या माणसाच्या, नाहीतर तपासणी येणार हे आधी कळलेल्या. त्यात पत्ता. पत्त्यात 'गुडरमगेट' लिहिलेलं, आणि संगणकाच्या नकाशावर त्यांनी तो अख्खा रस्ता दोनदा वर-खाली पालथा घातला तरी गेट म्हणून काही दिसेना. नुसती दुकानं.

आणि मग नोव्हेंबरात तो रविवार आला. फोन लागला, पण क्षितिजाने तो अजून हातात नीट धरला नव्हता. पडद्यावर नुसतं छत. आणि तिचा आवाज, दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असलेला: "तू बारपाशी थांब, झालं की मी फोन करते." मग दार लागल्याचा आवाज. मग हसरा चेहरा. "हॅलो बाबा. जेवलात?"

तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले. सकाळी नऊ वाजता बार! दिनानाथांच्या डोक्यात बार म्हणजे हायवेवरचे, काळ्या काचांचे, दारात ढेरपोट्या माणूस उभा असलेले. त्यांनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"क्षितू, तुझ्या घराजवळ बार आहे का गं?"

"आहे ना. दोन मिनिटांवर. खूप प्रसिद्ध आहे. लांबून लांबून लोक बघायला येतात."

"बघायला?"

"हो. आमचं तर रोजचंच जाणं-येणं तिथून. दिवसातून तीन-चारदा होतं."

वसुंधराबाई वाटाणे सोलत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. दिनानाथांनी मात्र 'आमचं' या शब्दाखाली मनातल्या मनात दोन रेघा मारल्या. फोन संपल्यावर ते बराच वेळ खिडकीत उभे राहिले. विचारावं तर मुलगी जाईल. न विचारावं तर मुलगी आधीच गेलेली असेल. या दोन्हींच्या मध्ये माणसाने काय करायचं, याचा नियम खात्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

मंगळवारी ते बसने जुन्या वसईला, हिलरी सरांच्या वाडीत गेले. हिलरी सर निवृत्त गणित शिक्षक, दोघांची ओळख तहसील कार्यालयातल्या एका लांबलचक रांगेतली. सरांची पुतणी लुसी लीड्सला नर्स होती, भावाच्या लग्नाला आली होती आणि शनिवारी परत निघणार होती. लीड्सहून यॉर्क रेल्वेने अर्ध्या तासावर, हे दिनानाथ नकाशात पाहूनच आले होते.

"क्षितिजाला थोडी सुकेळी पाठवायची होती," ते म्हणाले. वसईची सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, ती सरांच्याच वाडीत होत. "लुसी देईल का नेऊन? पण स्टेशनवर नको. घरी जाऊन. आत जाऊन."

"देईल की."

"आणि आत गेल्यावर सहज बघितलं, दाराशी बूट किती, न्हाणीत ब्रश..."

हिलरी सरांनी चष्मा काढला. आत त्यांची बहीण कुणाशी तरी घरच्या बोलीत बोलत होती, ती थांबली.

"दिनानाथराव," सर म्हणाले, "सुकेळी जातील. ब्रश मोजायला माझी पुतणी जाणार नाही. मुलाच्या वेळी काय झालं ते तुम्हीच मला सांगितलंत ना? याच बाकावर बसून."

दिनानाथांनी मान खाली घातली. पण मान खाली घातली म्हणून डोकं थांबतं थोडंच. लुसी अंगणात आली तेव्हा त्यांनी सरांच्या मागे हळूच तिला म्हटलं, "पोचलीस की मला एक फोन कर हं. आणि क्षितूचा एखादा फोटो पाठव. घरातला. पोरीला बघून बरं वाटतं." आता यात वाईट काय? बापाने मुलीचा फोटो मागितला. लुसीला तर ऐकून भरूनच आलं.

सुकेळीची पिशवी बांधताना वसुंधराबाईंनी त्यात एक पुडकं सरकवलं.

"काय ते?"

"कुळथाचं पीठ."

"कुळीथ? क्षितू तर पिठल्याच्या वासानेसुद्धा पळायची."

"परदेशात गेलं की आवडीनिवडी बदलतात," बाई म्हणाल्या आणि गाठ मारली. दिनानाथांनी तेही डायरीत टिपलं. कुणासाठी, असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह.

पुढच्या रविवारचा फोन कसाबसा निभावला. लुसीचा फोन आला त्यानंतरच्या गुरुवारी. वसुंधराबाई देवळात गेलेल्या.

"काका, दिली सुकेळी. काय गोड जागा आहे हो क्षितिजाची. बारच्या आतच."

"बारच्या आत?"

"मंक बार. मी पण आधी घाबरले होते," लुसी हसायला लागली. "अहो काका, तिकडे बार म्हणजे तटाचा दरवाजा. आपल्या किल्ल्याला कसा आहे, तसा. हा चार मजली आहे एवढंच. आणि गेट म्हणजे रस्ता. सगळं उलटंच. ती म्हणाली, बारमधून आत आलीस की उजवा बोळ, मी म्हटलं देवा, मला कुठे बोलावतेय ही."

दिनानाथ खुर्चीवर बसले. बार म्हणजे वेस. नुसती दगडी वेस. लोक लांबून लांबून बघायला येतात ती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. दोन आठवडे रात्रीची झोप नाही, आणि कशापायी, तर गावच्या वेशीपायी. त्यांनी डायरी ओढली आणि 'बार' या शब्दावर काट मारली. फार बरं वाटलं त्यांना.

हे बरं वाटणं किती टिकलं म्हणाल? लुसीच्या पुढच्या वाक्यापर्यंत.

"आणि पिठलं काय झालं होतं काका. कुळथाचं. मी तर बोटं चाटली."

"क्षितूने केलं?"

लुसी थांबली. थांबणं म्हणजे काय, दिनानाथांइतकं कुणाला कळणार. तीस वर्षं त्यांनी दारात उभं राहून माणसांचं थांबणं ऐकलं होतं. "हो, म्हणजे, तिच्याकडेच झालं होतं," लुसी म्हणाली. "काका, माझी ड्यूटी आहे, फोटो पाठवते हं."

फोटो आला. टेबलावर सुकेळी, टेबलामागे क्षितिजा, हसणारी. दिनानाथांनी तिच्याकडे एक क्षण पाहिलं आणि मग दोन बोटांनी फोटो ताणत तिच्या मागच्या दाराकडे नेला. या वेळी तपासणीची वर्दी कुणाला नव्हती. पायपुसण्यावर बूट तीन जोड. एक क्षितिजाचे. एक पांढरे, नर्सेस घालतात तसे, म्हणजे लुसीचे. आणि तिसरे पुरुषाचे, काळे, नऊ नंबर.

सापडलं, असं त्यांच्या मनात आलं. तीस वर्षं हा शब्द मनात आला की छाती जरा फुगायची. त्यांनी फोटो आणखी ताणला.

काळ्या बुटांच्या टाचा मोडलेल्या होत्या. लेस न सोडता पाय कोंबून, टाच चिरडून, सपाता केल्यासारख्या. डावी जास्त मोडलेली, उजवी कमी. या टाचांवरून याच घरात पंधरा वर्षं महाभारत झालं होतं. शाळेचे बूट, कॉलेजचे बूट, पहिल्या पगाराचे बूट. 'अरे टाच मोडू नकोस, बूट आहे तो, सपाता नव्हे.' शेकडो घरांच्या चपला वाचलेल्या त्या माणसाला हा एक जोड वाचायला चष्मासुद्धा लागला नाही.

सिद्धेश.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊ लागली. कुळथाचं पीठ, सिद्धेशला जीव की प्राण. म्हणजे वसुंधरेला माहीत. जूनपासून ती 'तो पुण्यातच असेल' असं म्हणत होती, 'आहे' म्हणत नव्हती. क्षितूला माहीत. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारत फिरणारा एक बाप सोडून सगळ्यांना माहीत. घरातल्या तिघांनी मिळून त्यांच्यासमोर एक कोरं कार्ड धरलं होतं आणि त्यांनी त्यावर सहा महिने सही केली होती.

रागाने ते उठले. तीन माणसं, आणि एकालाही वाटलं नाही सांगावं. क्षितूला आत्ता फोन लावावा आणि विचारावं, घरात माणसं किती. त्यांनी नंबर काढलाही. आणि मग त्यांना ते वाक्य आठवलं. 'तू बारपाशी थांब, झालं की मी फोन करते.'

बारच्या नादात त्यांनी बाकीचं ऐकलंच नव्हतं. वाक्य मराठीत होतं. त्या गावात ती 'थांब' म्हणून मराठीत कुणाला सांगणार? आणि 'झालं की' म्हणजे काय झालं की? त्यांचा फोन. त्यांचा अर्धा-पाऊण तास. दर रविवारी सकाळी नऊ वाजता सिद्धेश आपले बूट पायांत कोंबत होता, जाकीट विसरत होता, आणि घराबाहेर जाऊन त्या दगडी वेशीत उभा राहत होता, बापाचं बोलणं संपेपर्यंत. आपण इकडे, 'आणखी काय, बोल की' म्हणत फोन लांबवत होतो.

दिनानाथांनी फोन बाजूला ठेवला. छाती फुगलेली नव्हती. आणि जे वाटत होतं त्याला डायरीत लिहायला रकाना नव्हता.

वसुंधराबाई देवळातून आल्या, तेव्हा ते काही बोलले नाहीत. शुक्रवारी बोलले नाहीत, शनिवारी बोलले नाहीत. बाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. पस्तीस वर्षांत यांच्या पोटात एखादी गोष्ट तीन दिवस राहिलेली त्यांनी पाहिली नव्हती, त्यामुळे आता संशय त्यांना यायला लागला.

रविवारी अडीचला फोन वाजला. क्षितिजा स्वेटरवर शाल घेऊन बसली होती, नाक लाल. मागे दार, दाराशी पायपुसणं, त्यावर एकच जोड.

"हॅलो बाबा. जेवलात?"

"जेवलो. थंडी आहे का गं तिकडे?"

"विचारू नका. रात्रभर पाऊस आणि आता वारा. बाहेर उभं राहवत नाही."

वसुंधराबाईंचा हात पापडाच्या डब्यावर थांबला. दिनानाथांना तो थांबलेला दिसला, नेहमीसारखाच. विचारण्यासारखं खूप होतं. कधी आला, का नाही सांगितलं, कुणी ठरवलं. सगळे प्रश्न नीट रांगेत उभे होते, आणि एकही विचारला तर हा शेवटचा रविवार ठरेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"मग त्याला तिथे कशाला उभं करतेस," ते म्हणाले. "बारपाशी थांबू नको म्हणावं. आत ये म्हणावं."

क्षितिजाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र आईकडे वळले. वसुंधराबाईंनी डबा खाली ठेवला. मग क्षितिजा उठली, फोन तसाच टेबलावर टेकवलेला ठेवून बाजूला गेली. दुसऱ्या फोनवरचं तिचं दबलं बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. पडद्यावर नुसतं बंद दार उरलं.

दोन मिनिटांचा रस्ता, असं ती म्हणाली होती. दिनानाथांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दोन झाली. चार झाली. सहा झाली. वसुंधराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. येणार नाही, असं त्यांच्या मनाने सांगितलं, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

दार उघडलं. फोन खालच्या बाजूला कलंडलेला होता, त्यामुळे आधी बूट दिसले. ओले, काळे, टाचा चिरडलेले. मग ओली पॅन्ट. चेहरा पडद्याच्या वरच राहिला, आणि दिनानाथांना फोन सरळ कर म्हणायचा धीर झाला नाही.

"या वेळी कुणाला पाठवलं होतंत?" सिद्धेश म्हणाला.

चार वर्षांनी पहिलं वाक्य ते. आवाज जरा जाड झाला होता. दिनानाथांना सुकेळी म्हणता आलं असतं. फोटो सहज मागितला, म्हणता आलं असतं. खरंही वाटलं असतं.

"लुसीला," ते म्हणाले. "पण तिला ठाऊक नव्हतं. मीच फोटो मागितला. बूट बघायला."

बूट जागचे हलले नाहीत. तसेच मागे वळतील आणि दार लागेल, याची दिनानाथ वाट बघत होते. मग एक हात खाली आला. सिद्धेशने लेस न सोडताच बूट काढले, पायपुसण्यावर क्षितिजाच्या बुटांशेजारी ठेवले, आणि पडद्याबाहेर आत निघून गेला. आतून त्याचा आवाज आला, "आई, पीठ संपलंय गं."

"पाठवते," वसुंधराबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

दिनानाथ त्या बुटांकडे बघत राहिले. डावी टाच पार गेली होती, आता कुठल्याही चांभाराला ती सरळ करता आली नसती. त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.